तळ्याची माफी

गिरजा गुडघाभर पाण्यात नारळ धरून उभी होती. शेजारी तिचा नवरा, हेमराज. तळ्याची माफी जोडीनंच मागायची, असं मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष डोमाभाऊ म्हणाले होते. सगळी ढिवर मंडळी दूर काठावर बसून बघत होती.

झालं असं, की तळ्यातले झिंगे अचानक मेले. लाल पडून काठाला लागले. झिंगे धरायला आलेल्या बाया रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. मासे मात्र धडधाकट! जहर असतं तर मासे मेले नसते का? हा कोण्या बाईचा विटाळच, असं डोमाभाऊंनी सांगून टाकलं. तरी बैठकीत कोणीतरी म्हणालं, "भाऊ, धानावर फवारणी सुरू हाये. कोणी पंप तं नाई धुतला इथी? तसा निघाला तं त्याचं जाळं कायमचं बंद करा."

तेवढ्यात गिरजा उठली. "मले विटाळ होता. कोणाले सांगितलं नाई, तशीच उतरली पाण्यात."

मग काय! बायांनी तोंडाला पदर लावले. नाही नाही ते बोलल्या. आणि हेमराज? मूग गिळून बसला. वा रे मर्द!

पंप त्यानंच धुतला होता. ब्रह्मपुरीच्या दुकानदारानं बजावलं होतं, "तळ्यात धुवू नको. मासा तगते, झिंगा नाई तगत." पण घरी पाणी कोण शेंदणार? तुडतुड्याचं औषध मारून आला आणि घाटावरच पंप खळबळला. थोड्या वेळानं झिंगे पाण्याबाहेर उड्या मारून तडफडायला लागले, तेही त्यानं पाहिलं. पाहिलं आणि घरी जाऊन जेवला.

आता शरमेनं त्याला मान वर करवेना. काठाकडे पाठ करून तो पुटपुटला, "गिरजा, पंप मी धुतला व."

"मले माहीत हाये. पाह्यलं मी."

तिनं नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. बोलून टाकल्यावर हेमराजला जरा हलकं वाटलं. लगेच जीभ सुटली. निम्मा दोष तिच्याही पदरात घालावा, म्हणून तो म्हणाला, "पण तू बी कमाल केली. विटाळात काऊन उतरली पाण्यात?"

गिरजानं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"कायचा विटाळ? मले तं दोन महिने झाले, पाळीच नाई."