तीन तासांचं माहेर

सुरगाण्याच्या मास्तराचं स्थळ तात्यांनी उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. "पंचमीला लेकीला आणायला त्या घाटात चार तास एसटीत हाडं कोण खिळखिळी करणार?" म्हणाले, आणि लेक मंदा शारजात नोकरी करणाऱ्या मुलाला देऊन मोकळे झाले. "मुंबई ते शारजा विमानाला अवघे तीन तास! सकाळी निघाली की रात्रीच्या वरणभाताला पंचवटीत!"

त्यावर पाच नागपंचम्या गेल्या. दरसाली चंद्राबाई दारच्या निंबाला लेकीसाठी झोका बांधायच्या, आणि दरसाली तो वाराच झुलवायचा. यंदा त्यांनी हट्टानं फोन लावला.

"मंदे, यंदा तरी ये गं. तिकीट आम्ही धाडतो."

"तिकिटाचं काय घेऊन बसलीस, आई?" मंदा हळूच म्हणाली. "इथं उतरले त्याच दिवशी ह्यांनी माझा पासपोर्ट कपाटात ठेवला. किल्ली ह्यांच्या खिशात असते. ठेवते, आले बघ हे."

चंद्राबाई फोन ठेवून बाहेर आल्या. ओट्यावर तात्या शेजारच्या दगूअण्णांना पटवत होते, "पोरीला खुशाल आखातात द्या, अण्णा. अंतर म्हणजे काय हो, तीन तास!"

जन्मभर तात्यांच्या ज्या तोंडासाठी ताट वाढलं, त्याच तोंडाची आज त्यांना शिसारी आली.


"विमान येतं हो तीन तासांत, अण्णा," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं झाली, माझी लेक अजून जावयाच्या कपाटापाशीच उभी आहे."