तूर्तास बाळंतपणं बंद

निशिवाकी साहेब वाकतात फार, अशी हात्सुएबाईंची तक्रार होती. माणूस सारखा कमरेत वाकलेला असला की त्याचं तोंड दिसत नाही. तोंड दिसलं नाही की तो खरं बोलतोय की थापा मारतोय, हे कळायला मार्ग नाही.

साहेब गावच्या दवाखान्याचे व्यवस्थापक. एप्रिलात बदलून आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी दारावर पाटी लावली. डॉक्टरांच्या घरगुती कारणामुळे बाळंतपणं आणि नवजात बाळांचा विभाग तूर्तास बंद. गरोदर बायकांनी खिंडीपलीकडच्या शहरात जावं. कमी दिवसांच्या बाळांच्या काचेच्या पेट्यासुद्धा टेम्पोत घालून तिकडे गेल्या. हात्सुएबाईंनी स्वतः पाहिल्या. मासळीसारख्या दोऱ्यांनी बांधल्या होत्या.

"तूर्तास म्हणजे कधीपर्यंत?" त्यांनी साहेबांना गाठून विचारलं.

"तूर्तास म्हणजे... तूर्तास," म्हणत साहेब वाकले.

"वाकू नका. माझी पोरगी पहिलटकरीण आहे. वय थोडं नाही तिचं. बाळंतपणाला माझ्याकडे आलीय. खिंडीत बर्फ साचलं की मासळीचे ट्रकसुद्धा अडकतात. तिथं गाडीतच पोर झालं तर झेलायला तुम्ही येणार?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "मोचिदा डॉक्टर एकट्याच होत्या हो आमच्याकडे. त्यांनाच दिवस गेले. आठवा लागला तशा आईकडे गेल्या."

"आईकडे!" हात्सुएबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की औषधांच्या खिडकीपुढची रांग मागे वळली. "गावातल्या बायकांना बर्फात ढकलून ही चालली आईच्या हातचं गरमगरम खायला! आणि आई तरी कसली म्हणायची ती? आपल्या लेकीच्या जिवावर एक अख्खं गाव आहे, एवढी अक्कल नाही? उचलून आणा तिला. पोट आलं म्हणून कुणाचे हात मोडत नाहीत. आमची आझुसा झाली त्या दिवशी मी दुपारपर्यंत मासे खारवत होते."

साहेब पुन्हा वाकले. हात्सुएबाई त्यांच्या टकलाकडे बघून थुंकल्यासारखं करून निघाल्या.

घरी आझुसा शेगडीपाशी पाय ताणून बसली होती. तिच्या पोटाला देवळातून आणलेला पट्टा होता. पाचव्या महिन्यात, सुखरूप सुटकेसाठी शुभ मानतात त्या कुत्र्याच्या वाराला, हात्सुएबाईंनी आगगाडीने सहा तास जाऊन स्वतःच्या हाताने बांधला होता. सासूला हात लावू दिला नव्हता. उत्तरेकडच्या त्या बंदरगावात लेक देऊन आपण चूक केली, असं त्यांचं ठाम मत होतं. तिथल्या लोकांना कॉड माशाचं सूपसुद्धा धड करता येत नाही.

त्यांनी सुपाचा वाडगा आझुसापुढे ठेवला आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती उठून थंडगार पडवीत गेली. परतली तेव्हा तिचे कान लाल झाले होते आणि सूप निवलं होतं.

"कोण गं?"

"तिकडचे लोक. कामाचं होतं."

"रजा दिलीय ना तुला? मग? आठव्या महिन्यातल्या पोरीला फोन करतात, मेले! यांना आया नव्हत्या की काय?"

आझुसाने गार सूप पिऊन टाकलं.

"बरं, कागद घे. दवाखान्याला अर्ज लिहायचाय. त्या मोचिदाबाईला परत आणा म्हणून."

"मी नाही लिहिणार, आई."

"का गं?"

"तीही कुणाची तरी लेक आहे."

"असेल. लाडावून ठेवलेली."

मग अर्ज शेजारच्या फुमिएने लिहिला. लिहिता लिहिता तिने दोनदा टॉवेल तोंडाला लावला.

"हात्सुएताई, खरंच असं लिहू? 'माहेरी बसलेल्या डॉक्टरणीला कामावर बोलवा'?"

"मोठ्या अक्षरात लिही. आणि हसतेस काय?"

"हसते कुठे? दाढ दुखतेय."

त्या दिवशी गावात सगळ्यांच्याच दाढा दुखत होत्या. ज्या घरी हात्सुएबाई अर्ज घेऊन गेल्या, तिथल्या बाईने तोंडावर हात धरूनच सहीचा शिक्का मारला. या गावात कुणाच्या तोंडात धड दात उरलेला नाही, असं म्हणत त्यांनी अर्ज साहेबांच्या टेबलावर आपटला.

पुढच्याच आठवड्यात बर्फ कोसळलं आणि खिंड बंद झाली. त्या सकाळी निशिवाकी साहेब सफरचंदांची पेटी घेऊन त्यांच्या दारात उभे. टोपीवर बर्फ, नाक लाल.

"आणली का तिला?" हात्सुएबाईंनी विचारलं.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर हात्सुएबाईंच्या खांद्यावरून आत, शेगडीकडे गेली. मग ते असे वाकले की टोपी खाली पडली.

"फुमिएबाईंकडून कळलं. मी इथं नवा, मला कुणी सांगितलंच नव्हतं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "खिंड उघडेपर्यंत रोज तासभर. नुसतं तपासायचं. तुम्ही खुर्चीतच बसा, बायका तुमच्यापाशी येतील. डॉक्टर आझुसा, नाही म्हणू नका."

आझुसा पोट सावरत उठली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"माझ्याही दवाखान्याच्या दारावर पाटी लागलीय, साहेब," ती हळूच म्हणाली. "तिथं मीही एकटीच होते. तिकडच्या बायका रोज फोन करतात."

हात्सुएबाईंनी सफरचंदांची पेटी पायाने बर्फात सरकवली आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"शरम नाही वाटत, साहेब? बाळंतपणाला आईकडे आलेल्या पोरीला कामाला जुंपायला निघालात! माणूस आहात की कोण?"