पाठीवरची चेन

चाळिशी उलटलेल्या बाईला शोभेल आणि तरी काकूबाई दिसणार नाही, अशा ड्रेससाठी तिने तीन दुकानं पालथी घातली होती. चौथ्या दुकानात तो सापडला, गडद हिरवा. ट्रायल रूममध्ये तिच्याच वयाच्या विक्रेतीने मागची चेन मानेपर्यंत ओढून दिली. पाठीला कुणाचा हात लागून किती दिवस झाले, तिला आठवेना.

"ताई, तुमच्यासाठीच शिवल्यासारखा बसलाय," विक्रेती म्हणाली.

"छान आहे. पण पुढून बटणं असलेला द्या."

"ते तर तुम्ही मघाशी नाकारलेत. गाऊन वाटतात म्हणालात."

"त्यातलाच एक द्या."

"अहो, चेन काय, घरी कुणीही लावून देईल."

"घरी कुणी नाही."

विक्रेतीने बटणांचा ड्रेस घडी करून पिशवीत घातला.

पिशवी घेऊन ती बाहेर आली. दुकानाच्या दाराशी बाकावर तिचा नवरा मोबाईल बघत बसला होता.

"मिळाला का मनासारखा?" मान वर न करता त्याने विचारलं.

"मिळाला," ती म्हणाली.