नाल्यापलीकडचं घर

“बाकीची सगळी रक्कम मी देतो, अण्णाजी,” हिरालाल शेठ म्हणाले. “फक्त त्या बाईले तिथून हलवा. कवीच्या घरात असे लोक राह्यले, तर पाव्हण्यायले काय दाखवाचं आपण?”

शेठ आर्वीचे मोठे कापूसवाले. त्यांच्या ओसरीवरून अण्णाजी पाच वेळा रिकाम्या हातांनी परतले होते. आज सहाव्या खेपेला शेठ पाघळले होते.

अण्णाजी बोरखेडीच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. नथ्थुबा कवीला जाऊन दीडशे वर्षं झाली होती, पण त्याची पदं अजून शेताशेतांत गायली जात. त्याचं मातीचं घर पडू द्यायचं नाही, या एका ध्यासापायी अण्णाजी दोन वर्षं पायाला भिंगरी लावून फिरत होते. आष्टीचा बाजार झाला, पुलगावची गिरणी झाली, वर्ध्याचे वकील झाले. जाईल तिथे खड्या आवाजात नथ्थुबाची पदं म्हणायची आणि उपरणं पसरायचं. तरी दुरुस्तीच्या खर्चाची जेमतेम निम्मी सोय झाली होती. १९५८ सालचा वैशाख अर्धा सरला होता. मागची भिंत पोटाशी फुगली होती. हा पावसाळा ती काढणार नव्हती.

“सांगतो तिला,” अण्णाजी म्हणाले.

घर नाल्यापलीकडे, बौद्धांच्या वस्तीला लागून होतं. नथ्थुबाचा वंश खुंटत आला तेव्हा शेवटच्या वारसानं ते, आता तिथे राहणाऱ्या कमलाबाईच्या सासऱ्याच्या हवाली केलं होतं. सासरा गेला, नवरा गेला. कमलाबाई कापूस वेचून पोट भरत होती आणि तीस वर्षं ते घर सांभाळत होती.

अण्णाजी पोचले तेव्हा ती फुगलेल्या भिंतीला माती थापत होती. अंगणातल्या निंबाखाली उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. दुसरीकडे झोपडी बांधून देऊ, असंही सांगितलं. सांगताना त्यांची नजर निंबाच्या बुंध्यावर होती.

कमलाबाईनं हात धुतले. रागावली नाही.

“जाईन मी, मास्तर. नथ्थुबाचं घर वाचत असन तर जाईन. पण मंग इथं कोन राहीन?”

“कोणी नाही. स्मारक होईल. लोक येतील, बघतील, जातील.”

“चूल नाई पेटनार?”

“नाही.”

“मंग वाचलं काय जी?” कमलाबाई म्हणाली. “ज्या घरात चूल नाई, त्याले घर म्हनतेत का?”

चाळीस वर्षं अण्णाजींनी मुलांना प्रश्न विचारले होते. आज कमलाबाईचा प्रश्न घेऊन ते नाला ओलांडून परतले.

बाजाराच्या दिवशी शाळेपुढे सभा भरली. शेठच्या देणगीची घोषणा व्हायची होती. शेठ हार घालून खुर्चीत बसले होते. नाल्याकडची माणसं नेहमीसारखी मागे, कुंपणाला टेकून उभी होती. अण्णाजी उठले. त्यांचा आवाज आधी चिरकला, मग लागला.

“शेठजींची अट आहे की कमलाबाईनं घर सोडावं. आता मी तुम्हाला नथ्थुबाची गोष्ट सांगतो. पदं सगळ्यांना पाठ आहेत, पण ही गोष्ट आपण सांगत नाही. नाल्यापलीकडच्या लोकांच्या पंगतीला बसून तो जेवला, म्हणून या गावानं त्याला वाळीत टाकलं. मग तो तिकडेच गेला आणि तिथेच घर बांधलं. म्हणून ते घर तिथे आहे. गावानं नथ्थुबाला एकदा बाहेर काढलं. दुसऱ्यांदा माझ्या हातून काढलं जाणार नाही. शेठजी, तुमची देणगी मला नको.”

शेठनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर टाकला. “मंग बसा पदं म्हनत!” ते गरजले आणि तडक आपल्या बैलांच्या दमणीत जाऊन बसले.

दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली, असं अण्णाजींना वाटलं.

तेवढ्यात कुंपणापासून कवडू गवंडी पुढे आला. “भिंत माह्याकडे लागली, मास्तर. मजुरी घेत नाई मी.”

मग पहिल्या रांगेतले रूपराव पाटील उठले. घराच्या माडीसाठी त्यांनी चार वर्षं साग वाळवून ठेवला होता. “माडी होत राहीन,” ते म्हणाले. “उद्या साग भरून बंडी पाठोतो. वासे घेऊन घेजो, कवडू.”

आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. कुंभारानं छपरासाठी कवेलू देऊ केली. तेल्यानं बैलजोडी देऊ केली. मागे बसलेल्या बायका ओरडल्या, “माती आमी तुडवतो!” कोण काय देतं आहे ते लिहून घ्यायला अण्णाजींचा हात पुरेना. लिहिता लिहिता डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी लिहिणंच सोडून दिलं.

एकोणीस दिवस नाल्याच्या दोन्ही काठांची माणसं एकाच चिखलात राबली. मृग लागायच्या आधी नव्या सागावर शेवटचं कवेलू बसलं. त्या दिवशी ढोल वाजवत, पदं गात अख्खं गाव नाला ओलांडून आलं. गर्दीनं अण्णाजींना पुढे ढकललं. दार तुम्हीच उघडा, म्हणाली.

पण दार उघडंच होतं. आत चूल पेटली होती आणि तिच्यावरच्या भल्यामोठ्या गंजात चहा उकळत होता.

अण्णाजींनी वहाणा काढल्या. उंबऱ्याशी थांबून, गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “कमलाबाई, आत येऊ का?”

“या ना जी,” ती म्हणाली. “कवाची वाट पाहून राह्यली मी.”

त्या घरासाठी अण्णाजी दोन वर्षं जिल्हाभर फिरले होते. त्याच्या आत त्यांनी आज पहिल्यांदा पाऊल टाकलं.