देवळामागचे खांब

"आई, हा मनोरा बघ. अख्खा दगडी आहे," प्रांजली फोनवर दाखवत होती.

"लई उंच हाय गं," म्हाळसाबाई म्हणाली. "आवं, बघा तरी."

सोनाजी बजाजनगरच्या खोलीत खिडकीकडं तोंड करून बसला होता. त्यानं मान वळवली नाही. वाळूजच्या कंपनीनं पोरीला कामासाठी चीनच्या च्वानचौ बंदरात धाडलं, तेव्हाच तो नको म्हणाला होता. आता कंपनी म्हणत होती, अजून दोन वर्षं राहा. उद्या पोरीनं कंपनीला उत्तर द्यायचं होतं. ही बातमी कळल्यापासून सोनाजी लेकीशी बोललाच नव्हता. कान मात्र तिकडंच होते.

"आता इथल्या बुद्धाच्या देवळाच्या मागं आले," प्रांजली म्हणाली. "आई, या खांबावर बघ कोण आहे."

"अगं बया, नरसिंह! मांडीवर राक्षस घेतलाय."

सोनाजी उठला. बायकोच्या हातातून त्यानं फोन घेतला आणि डोळ्यांपाशी नेला. खरंच नरसिंह होता.

"तिथं कुणी घडवला?"

प्रांजली हळू म्हणाली, "आपल्या देशातले व्यापारी, अण्णा. शेकडो वर्षांपूर्वी जहाजानं आले. त्यांनी इथं देऊळ बांधलं. पुढं ते पडलं. मग इथल्या लोकांनी हे खांब आणून त्यांच्या या देवळाला लावले."

"मंग ते माघारी गेले का नाय?"

"काही गेले असतील. काही इथंच राहिले."

पडद्यावर एक म्हातारी आली. तिनं हातातल्या उदबत्त्या कपाळाशी नेल्या, वाकून नमस्कार केला. जाता जाता नरसिंहाच्या खांबाला हात लावला, घरच्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"रोज येत्यात का अशी माणसं?"

"रोज येतात."

सोनाजीनं घसा साफ केला.

"तुला त्यांची भाषा येती ना थोडी? त्या आजीला इचार, इथं जवळ दोन वर्षांसाठी भाड्यानं खोली मिळंल का. देवळापाशी असली तर बरं."

म्हाळसाबाई नवऱ्याकडं बघत राहिली. प्रांजलीचा फोन धरलेला हात खाली गेला असावा. पडद्यावर बराच वेळ नुसती दगडी फरशी दिसत राहिली.