सिद्ध कर, मग खाईन

निरंजनने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि मी हात मागे घेतला. आमच्या गणित विभागात त्याचं कौतुक चाललं होतं. त्याला एक मूळ संख्या सापडली होती, छापली तर पंधरा पानं भरतील एवढी मोठी.

“कॉम्प्युटरच्या चाचण्या पास झाली म्हणजे संख्या मूळ ठरली असं नाही,” मी म्हणाले. “सिद्ध कर, मग खाईन.”

तो नुसता हसला. सगळे त्या संख्येला ‘निरंजनची संख्या’ म्हणू लागले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एम.एस्सी.ला पहिली मी आले होते, तो नाही! तिला कशाने तरी भाग जातो हे दाखवायचंच, म्हणून उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी कॉम्प्युटरसमोर घालवली. भाग जाईना. शेवटी चिडून तिच्यातून एक वजा केला आणि उरलेल्या संख्येचे अवयव पाडत बसले. ते पडत गेले, आणि एकने लहान संख्येच्या अवयवांवरून मूळपणा सिद्ध करता येतो, त्या नियमाने त्यांनीच निकाल दिला: निरंजनची संख्या मूळच आहे.

कागद फाडावेत असं फार वाटलं. पण बरोबर आलेली सिद्धता फाडायला हात धजेना.

कॉलेज उघडल्यावर मी ती विभागात मांडली. संपताच निरंजन पेढे घेऊन आला.

“घे आता.”

“तू स्वतः का नाही सिद्ध केलंस?”

“मला कुठे शंका होती?”

मी पेढा तोंडात टाकला. समोरच्या फळ्यावर मथळा होता, ‘निरंजनची संख्या’. अक्षर माझंच होतं.