सुईचा फवारा

“थुंकतेय गं तुझी सुई,” बाबा म्हणाले.

लेकीने कपाळावर हात मारला. गाड्यांवर रंगाचे फवारे मारण्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस प्रयोगशाळेत येऊन दुसरं काय बोलणार! पण खोटं नव्हतं. काचेच्या पेटीत एक बारीक सुई, सुईत औषध, आणि सुईला हजारो व्होल्टची वीज. विजेच्या ओढीने थेंबाला टोक यायचं, टोकातून धुकं सुटायचं. कण इतके बारीक की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जावेत. आज मात्र फवारा तिरका उडत होता, मध्येच ढब्बू थेंब टाकत होता. तिने वीज वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. फरक शून्य!

आणि तेही नेमकं आजच. औषध बाबांसारख्यांसाठीच तर होतं. मास्क न लावता रंग मारून मारून त्यांची छाती कामातून गेली होती. फाटकापासून इथवर यायला त्यांना चार ठिकाणी बसावं लागलं, पण आले. लेकीचं काम एकदा डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना.

“पुसलीस कशाने?”

“कापसाने. आमचा तो खास कागद संपलाय.”

“कापसाने!” बाबांना हसू आणि खोकला एकदमच आला. “एवढी शिकलीस, आणि तोटी कापसाने पुसतेस? माझ्या हाताखाली असतीस तर कान उपटला असता. फवारा तिरका गेला की समजायचं, तोंडाशी काहीतरी अडकलंय.”

तिने वीज बंद केली, भिंग लावलं. खरंच की! सुईच्या तोंडाशी एक तंतू चिकटला होता. तिने तो चिमट्याने काढला आणि पुन्हा बटण दाबलं.

फवारा सरळ, गोल, शांत उतरला.

“बाबा, बघा ना!”

बाबा बराच वेळ बघत राहिले. “असा हात मला नाही जमला कधी,” म्हणाले. कुणाच्याही कामाला ‘बरंय’च्या पुढे न जाणारा हा माणूस! तिला भरून आलं.

“हे माझ्या छातीत कधी जाणार?”

थाप मारता आली असती. पण बाबांना थापा मारणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

“अजून चाचण्या आहेत, परवानग्या आहेत. पाच-सहा वर्षं तरी, बाबा.”

बाबांनी मान डोलावली. दम घेतला. तिच्या पाठीवर हात ठेवला.

“मग घाई करू नकोस,” ते म्हणाले. “घाईत रंग ओघळतो.”